घटक ६ : फळ्यावरचा दिवस – ‘दिनविशेष’ या लेखनप्रकाराचा भाषिक अभ्यास

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• ‘दिनविशेष’ या दैनंदिन लेखनप्रकाराचे घटक आणि त्याची भाषिक वैशिष्ट्ये सांगता येतील.
• जन्म, वाढदिवस, जयंती, पुण्यतिथी, स्मृतिदिन या शब्दांमधील अर्थभेद स्पष्ट करता येतील.
• क्रियापदाच्या निवडीमुळे एकाच घटनेचा अर्थ कसा बदलतो, हे उदाहरणांसह दाखवता येईल.
• आपल्या गावाचा दिनविशेष पडताळणी करून लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, मागील घटकात आपण जाहिरात आणि सूचनाफलक यांच्या भाषेचा अभ्यास केला. या घटकात आणखी एका छोट्या लेखनप्रकाराकडे वळू. तो तुम्ही रोज वाचता, पण त्याला ‘लेखन’ म्हणावे असे फारसे कोणाला वाटत नाही. शाळेच्या परिपाठात, ग्रंथालयाच्या दारातील फळ्यावर, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, आकाशवाणीच्या सकाळच्या सभेत आणि आता मोबाईलवरील संदेशांत तो आढळतो. आज कोणता दिन आहे, आजच्या तारखेला पूर्वी काय घडले, कोण जन्मले, कोण गेले, हे तो सांगतो. जोडीला एखादा सुविचार असतो आणि शेवटी एक विनोद असतो. यालाच आपण ‘दिनविशेष’ म्हणतो.

या विषयाशी माझा पहिला संबंध सडक अर्जुनी येथे शाळेत असताना आला. मी पाचवीत होतो आणि फळा लिहिण्याची पाळी माझी होती. तारीख होती २४ डिसेंबर १९८०. आदल्या वर्षीच्या वहीतून मी दोन ओळी उतरवल्या. पहिली होती ‘साने गुरुजी यांची जयंती’ आणि दुसरी ‘गायक मोहम्मद रफी यांचा वाढदिवस’. घंटा देण्यासाठी आलेले शिपाईमामा फळ्यासमोर थांबले. त्यांना रेडिओचे वेड होते. ते हळूच म्हणाले, “बाबू, रफीसाहेब त गेले ना जुलैत.” मोहम्मद रफी यांचे निधन ३१ जुलै १९८० रोजी झाले होते. मामांनी तळहाताने ‘वाढदिवस’ हा शब्द पुसला आणि खडू माझ्या हातात दिला. आता तिथे काय लिहावे, हे मला कळेना. ‘जयंती’ हा शब्द साने गुरुजींना शोभत होता, पण गाणे म्हणणाऱ्याची जयंती असते का? शेवटी मी लिहिले, ‘मोहम्मद रफी यांचा जन्म’.

तो शब्द बरोबर होता. मात्र तो बरोबर का होता, हे समजण्यासाठी मला भाषाविज्ञानाचा अभ्यास करावा लागला. त्या एका पुसलेल्या शब्दापासूनच आपण या घटकाचा आरंभ करू.

६.२ दिनविशेषाची रचना

प्रथम एक नमुना पाहू.

२४ डिसेंबर
राष्ट्रीय ग्राहक दिन
१८९९ – साने गुरुजी यांचा जन्म.
१९२४ – पार्श्वगायक मोहम्मद रफी यांचा जन्म.
विनोद –
ग्राहक : या घड्याळाची हमी किती दिवसांची?
दुकानदार : बंद पडेपर्यंतची.

या नमुन्यात तीन वेगळ्या प्रकारच्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. ‘राष्ट्रीय ग्राहक दिन’ ही शासनाने ठरवलेली ओळख आहे. १९८६ मध्ये याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून हा दिन पाळला जातो. मी फळा लिहिला तेव्हा तो अस्तित्वातच नव्हता. दोन जन्म ही इतिहासातील नोंद आहे. विनोदाला तर तारीखच नाही. तो कोणत्याही दिवशी चालला असता. असे असूनही वाचक हे सर्व एकच संहिता म्हणून सहज वाचतो. वरची तारीख हाच या संहितेला बांधून ठेवणारा धागा आहे.

आता वाक्यरचना पाहा. ‘१८९९ – साने गुरुजी यांचा जन्म.’ या ओळीत क्रियापद नाही. ‘झाला’ हे क्रियापद आपण मनात धरतो. क्रियापद गळल्यामुळे वाक्याचा भूतकाळ पुसट होतो आणि ती घटना जणू दरवर्षी नव्याने मांडता येते. बोलताना आपण ‘साने गुरुजींचा जन्म’ म्हणतो. फळ्यावर मात्र ‘साने गुरुजी यांचा’ असे लिहितो. नावाला विभक्तिप्रत्यय न लावता तो ‘यांचा’ या आदरार्थी सर्वनामाला लावला जातो. नाव अखंड राहते आणि आदरही व्यक्त होतो. गायक-गायिकांच्या बाबतीत हा फरक विशेष जाणवतो. घरात आपण ‘लताचं गाणं लाव’, ‘हे रफीचं आहे’ असे एकवचनात, आपल्या माणसाविषयी बोलावे तसे बोलतो. तीच व्यक्ती फळ्यावर आली की ‘यांचा’ होते. या एका सर्वनामामुळे आपुलकीच्या जागी सार्वजनिक आदर येतो.

‘दिन’ या शब्दाकडेही लक्ष द्या. मराठीत ‘दिवस’ हा रोजच्या वापरातील शब्द आहे, तर ‘दिन’ औपचारिक नावांत येतो : स्वातंत्र्य दिन, महाराष्ट्र दिन, शिक्षक दिन. हिंदीत याच जागी ‘दिवस’ येतो : स्वतंत्रता दिवस, गणतंत्र दिवस. गोंदिया जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमेवर आहे. त्यामुळे आपल्या भागातील फलकांवर ‘प्रजासत्ताक दिन’ आणि ‘गणतंत्र दिवस’ ही दोन्ही रूपे दिसू शकतात. यात कोणते रूप शुद्ध आणि कोणते अशुद्ध, असा वाद घालण्याचे कारण नाही. दोन प्रमाणभाषांच्या सवयी एकाच भिंतीवर भेटतात, हे ओळखणे अभ्यासकाचे काम आहे.

प्रत्येक ‘दिन’ म्हणजे सुट्टी नव्हे, हेही लक्षात ठेवा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तीन राष्ट्रीय सुट्ट्या आहेत. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन किंवा २९ ऑगस्टचा राष्ट्रीय क्रीडा दिन पाळला जातो, पण त्या दिवशी कचेरी उघडी असते. सुट्टी लोकांच्या आपोआप लक्षात राहते. ‘दिन’ मात्र कोणी फळ्यावर लिहिला, तरच लक्षात राहतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
१. दिनविशेषातील वेगवेगळ्या नोंदींना एकत्र बांधणारा घटक कोणता?
२. ‘साने गुरुजी यांचा जन्म’ या रचनेत विभक्तिप्रत्यय कोणत्या शब्दाला लागला आहे?

६.३ वाढदिवस, जयंती आणि जन्म

आता पुसलेल्या शब्दाकडे परत येऊ. ‘वाढदिवस’ हा ‘वाढ’ आणि ‘दिवस’ यांचा समास आहे. आयुष्यात आणखी एका वर्षाची भर पडली, असे तो सांगतो. म्हणजे व्यक्ती हयात आहे, हे या शब्दाचे पूर्वगृहीत आहे. विधानात जे उघडपणे सांगितलेले नसते, पण खरे मानल्याशिवाय विधानाला अर्थच राहत नाही, त्याला पूर्वगृहीत म्हणतात. माझ्या १९८० च्या ओळीत तारखेची चूक नव्हती. पूर्वगृहीत चुकले होते.

‘जयंती’ या शब्दाचा इतिहास निराळा आहे. संस्कृतात रोहिणी नक्षत्राने युक्त अशा कृष्णजन्माच्या अष्टमीला ‘जयंती’ हे नाव होते. पुढे हनुमान जयंती, दत्त जयंती अशी देवादिकांच्या जन्मतिथींसाठी त्याची व्याप्ती वाढली आणि त्यानंतर थोर व्यक्तींच्या जन्मदिवसांसाठी. या अर्थविस्तारामुळे ‘जयंती’ला पूज्यतेचा रंग चढला. पाचवीतल्या मुलाला गायकाची जयंती लिहिताना जो संकोच वाटला, तो या रंगाचा होता. आज तो संकोच बराच ओसरला आहे. कलावंतांच्या जयंत्या आपण सहज लिहितो. शब्दाचा अर्थ असाच हळूहळू विस्तारत जातो.

काही वेळा शब्द विस्तारत नाही, तर एका जागी स्थिरावतो. विदर्भातील असंख्य घरांत नुसते ‘जयंतीला गावी येतो’ असे म्हटले, तर कोणाची जयंती हे विचारावे लागत नाही. ती १४ एप्रिलची, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती असते. सामान्यनाम विशेषनामासारखे वापरले जाण्याचे हे जिवंत उदाहरण आहे, आणि त्यामागे एका समाजाची कृतज्ञता आहे.

मृत्यूच्या दिवसासाठी तर मराठीत शब्दांची मोठीच मालिका आहे. पुण्यतिथी, स्मृतिदिन, हुतात्मा दिन, बलिदान दिन, समाधी दिन, महापरिनिर्वाण दिन यांपैकी प्रत्येक शब्द मृत्यूकडे वेगळ्या दृष्टीने पाहतो. पीरबाबाच्या ‘उरुसा’चे मूळ ‘उर्स’ या अरबी शब्दात आहे आणि त्याचा अर्थ विवाहसोहळा असा होतो. संताचा मृत्यू म्हणजे परमेश्वराशी मीलन, ही त्यामागील कल्पना. ६ डिसेंबरला ‘पुण्यतिथी’ न म्हणता ‘महापरिनिर्वाण दिन’ म्हणणे, ही केवळ शब्दाची निवड नाही; त्या शब्दातून एक श्रद्धा आणि एक इतिहास व्यक्त होतो. फळा लिहिणाऱ्याने ती निवड जाणीवपूर्वक जपली पाहिजे.

या सर्वांत ‘जन्म’ हा शब्द साधा आहे. व्यक्ती हयात असो वा नसो, थोर असो वा सामान्य, ‘जन्म’ ही नोंद कधीच खोटी ठरत नाही. ‘वाढदिवस’ एक दिवस कालबाह्य होतो, ‘जयंती’ पात्रतेचा प्रश्न विचारते, ‘जन्म’ केवळ घटना सांगतो. म्हणून संदर्भग्रंथांतील आणि वर्तमानपत्रांतील दिनविशेषाने हाच शब्द पसंत केला आहे.

६.४ तिथी आणि तारीख

‘पुण्यतिथी’ या शब्दात ‘तिथी’ आहे, तरीही आज बहुतेक पुण्यतिथ्या तारखेने पाळल्या जातात. २ ऑक्टोबर, १ मे या तारखा इंग्रजी कालगणनेच्या आहेत; तुकाराम बीज, एकनाथ षष्ठी या मात्र तिथी आहेत आणि दोन्ही शब्दांत तिथीचे नावच दिवसाचे नाव झाले आहे. मराठी माणूस या दोन्ही कालगणना एकाच वेळी बाळगून असतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मोठ्या आकड्याशेजारी बारीक अक्षरांत तिथी छापलेली असते, ती त्यामुळेच.

दोन्ही कालगणना एकत्र आल्या की दिनविशेषात गुंता निर्माण होतो. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ रोजी झाला. त्या तिथीशी जुळणारी तारीख १९ फेब्रुवारी १६३० ही आहे. राज्य शासन तारखेने शिवजयंती साजरी करते, तर काही लोक तिथीने. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकर यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तो दिवस विजयादशमीचा होता. त्यामुळे धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा विजयादशमीलाही होतो आणि १४ ऑक्टोबरलाही त्याचे स्मरण केले जाते.

संगीतातील एक उदाहरण पाहा. ग. दि. माडगूळकर यांनी रचलेल्या आणि सुधीर फडके यांनी संगीतबद्ध केलेल्या गीतरामायणाचे पहिले गीत पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी प्रसारित झाले. त्या वर्षी त्या दिवशी रामनवमी होती. पुढच्या वर्षापासून तिथी आणि तारीख वेगळ्या झाल्या. आज दिनविशेषात गीतरामायणाचा दिवस १ एप्रिल म्हणून येतो, रसिकाच्या मनात मात्र तो रामनवमीशी जोडलेला असतो. दोघेही बरोबर आहेत. दिनविशेष लिहिताना आपण कोणती कालगणना वापरत आहोत, एवढे स्पष्ट असले म्हणजे पुरे.

६.५ क्रियापद कोणाच्या बाजूने?

आता दुसरा नमुना पाहू. ही तारीख आपल्या भागाशी जवळची आहे.

२१ ऑक्टोबर
१८५८ – बाबूराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी.
१९३१ – चित्रपट अभिनेते शम्मी कपूर यांचा जन्म.
१९४३ – सुभाषचंद्र बोस यांनी सिंगापूर येथे आझाद हिंद सरकार स्थापन केले.
१९५९ – लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे दहा पोलीस जवानांना वीरमरण, पोलीस स्मृतिदिन.

बाबूराव शेडमाके हे गोंड जमीनदार घराण्यातील तरुण होते. १८५८ मध्ये चांदा भागात त्यांनी ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव केला. पहिल्या ओळीत क्रियापद गाळले आहे. ते भरायचे ठरवले, तर किती पर्याय मिळतात ते पाहा.

(अ) शेडमाके यांना फाशी झाली.
(आ) शेडमाके यांना फाशी देण्यात आली.
(इ) ब्रिटिश सरकारने शेडमाके यांना फाशी दिली.
(ई) शेडमाके हुतात्मा झाले.

(अ) मध्ये फाशी ही ‘पाऊस झाला’ याप्रमाणे आपोआप घडलेली गोष्ट वाटते. (आ) मध्ये कोणीतरी ती दिली हे कळते, पण कर्ता दिसत नाही. सरकारी कागदपत्रांची ही आवडती रचना आहे. (इ) मध्ये कर्ता समोर येतो आणि जबाबदारी निश्चित होते. (ई) मध्ये शेडमाके स्वतःच वाक्याचे कर्ते होतात. फाशी देणारा वाक्याबाहेर जातो आणि मरणाचा अर्थ बदलतो. चारही वाक्यांत घटना एकच आहे. फरक आहे तो वाक्य कोणाच्या बाजूला उभे राहून लिहिले आहे, याचा. तत्कालीन सत्ताधाऱ्यांच्या दृष्टीने हीच ओळ ‘बंडखोरास शिक्षा’ अशी झाली असती.

‘वीरमरण’ या शब्दालाही हेच लागू पडते. ‘ठार झाले’ आणि ‘वीरमरण आले’ यांतील अंतर शब्दकोशात शोधून पूर्ण कळत नाही. ते बोलणाऱ्याच्या मनातील आदरात असते. ज्यांच्या घरातील कोणी पोलीस दलात आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या नमुन्यातील आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. फाशी आणि वीरमरण यांच्या मध्ये एका चित्रपट अभिनेत्याचा जन्म आला आहे. हे आपल्याला खटकत कसे नाही? कारण दिनविशेषाची मांडणी महत्त्वानुसार होत नाही, ती सनानुसार होते. सनांची उतरंड सर्वांना एका रांगेत उभे करते, आणि ही मांडणी वाचकाला आधीपासून माहीत असते. मात्र त्या ओळी प्रत्यक्ष मोठ्याने वाचताना आवाज बदलावा लागतो. परिपाठात हे वाचणाऱ्या विद्यार्थ्याला दोन नोंदींमध्ये क्षणभर थांबायला शिकवणे, हाही भाषाशिक्षणाचाच भाग आहे.

६.६ शेवटचा विनोद

दिनविशेषाच्या शेवटी विनोद का असतो? वरच्या सर्व ओळी भूतकाळाच्या आहेत. विनोद वाचकाला आजच्या क्षणात परत आणतो. शिवाय तो संवादरूप असतो. वरच्या ओळी ऐकून घ्यायच्या असतात, तर विनोदाला हसून प्रतिसाद द्यायचा असतो.

घड्याळाच्या विनोदाची घडण पाहा. ‘किती दिवसांची?’ या प्रश्नाला ‘बंद पडेपर्यंतची’ हे उत्तर व्याकरणाच्या दृष्टीने नेमके बसते. पण ‘हमी’ या शब्दाचे पूर्वगृहीत असे की, वस्तू बंद पडल्यावर ती उपयोगी यावी. उत्तराने व्याकरण पाळले आणि पूर्वगृहीत मोडले. अपेक्षा आणि उत्तर यांच्यातील या तफावतीतून हसू येते. म्हणजे ज्या भाषिक तत्त्वाने माझी ओळ चुकवली होती, त्याच तत्त्वावर हा विनोद उभा आहे. पूर्वगृहीत नकळत मोडले तर चूक होते आणि ठरवून मोडले तर विनोद होतो.

काही विनोदांना स्थानिक माहितीची गरज असते. हा पाहा –

जावई (फोनवर) : मामा, मी अर्जुनीला उतरलो. समोर सडक पण दिसते आहे.
सासरे : जावईबापू, आलात कशाने?
जावई : रेल्वेने.
सासरे : मग सडक दिसेल, पण सडक अर्जुनी काही दिसायची नाही!

पुण्याच्या किंवा मुंबईच्या वाचकाला हा विनोद समजावून सांगावा लागेल. रेल्वेस्थानक अर्जुनी मोरगाव येथे आहे आणि मुंबई–कोलकाता महामार्गावरचे गाव ते सडक अर्जुनी, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. ‘सडक’ हे एकीकडे सामान्यनाम आणि दुसरीकडे गावाच्या नावाचा भाग असल्याने श्लेष साधला जातो. समजावून सांगितलेला विनोद हसवत नाही, कारण ऐकणाऱ्याने ती माहिती स्वतःहून पुरवण्यातच त्याचा आनंद असतो. म्हणून विनोद हा ‘आपण’ कोण, याची सीमारेषा आखतो. तो कोणाला सामावून घेतो आणि कोणाला हिणवतो, हे फळ्यावर लिहिण्यापूर्वी पाहावे. एखाद्याची बोली, जात, रूप किंवा गरिबी यांवर आधारलेला विनोद परिपाठात ऐकणारे एखादे मूल हसत नसते, मान खाली घालून उभे असते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
१. ‘फाशी देण्यात आली’ या रचनेत कोणता घटक दिसेनासा होतो?
२. ‘सडक अर्जुनी’च्या विनोदात श्लेष कोणत्या शब्दावर आहे?

६.७ कोणाला तारीख मिळते?

आता या घटकातील सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे येऊ. दिनविशेषात स्थान मिळण्याची पहिली अट थोरवी नाही. ती अट तारीख ही आहे. ज्याच्या जन्माची नोंद झाली, त्याचाच जन्म फळ्यावर येऊ शकतो.

तुमच्या शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख आठवून पाहा. तुमच्यापैकी काही जणांची ती १ जून किंवा १ जुलै असेल. जन्माची नोंद नसलेल्या मुलाचे नाव शाळेत दाखल करताना गुरुजी वयाचा अंदाज घेऊन सत्राच्या सुरुवातीची सोयीची तारीख लिहीत. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. त्यापूर्वी आपल्या भागात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवत असे आणि ती ‘कोतवाल बुक’ या नावाने ओळखली जाते. तिथे नोंद सुटली, तर जन्म केवळ आईच्या आठवणीत उरे.

माझ्या दाखल्यावरही १ जून आहे. आई मात्र सांगत असे, “रोवणी आटोपली होती, आन् दुसऱ्या दिवशी पोळा होता.” मी भाषाविज्ञानाच्या पदव्या मिळवल्या, पण या वाक्याचा अर्थ पाहायला मला फार उशीर झाला. पोळा श्रावण अमावास्येला येतो. त्या वर्षीचे पंचांग उघडून पाहिले आणि ऑगस्टच्या अखेरची एक निश्चित तारीख हाती आली. आईला तारीख माहीत नव्हती असे मी वर्षानुवर्षे मानत होतो. प्रत्यक्षात तिने तिथी अचूक सांगितली होती. ती वाचण्याची रीत मला अवगत नव्हती. मी तिला हे सांगू शकलो नाही, कारण तोवर ती गेली होती.

तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अशी वाक्ये आजही असतील : ‘मंडईच्या दिवशी’, ‘धान कापणीला आला होता तेव्हा’, ‘मोठा पूर आला त्या साली’. ही अडाणीपणाची खूण नाही. शेती, सण आणि आपत्ती यांच्या आधाराने काळ मोजण्याची ती एक पद्धत आहे आणि तिच्यात माहिती दडलेली असते. ती माहिती लिहून घेणारा कोणी नसेल, तर ती एका पिढीत नाहीशी होते.

६.८ आपला दिनविशेष कसा लिहावा?

छापील दिनविशेष बहुधा दूरच्या शहरांत तयार होतो. म्हणून आपल्या परिसराच्या तारखा आपणच भरल्या पाहिजेत. १ मे हा महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन आहे, हे सर्वत्र लिहिले जाते. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, ही ओळ मात्र आपल्याच फळ्यावर येऊ शकते. त्याचप्रमाणे गोंडवानाची राणी दुर्गावती २४ जून १५६४ रोजी मोगल सैन्याशी लढताना मृत्यू पावली, ही नोंद आपल्या भागातील शाळेत वाचली जायला हवी.

असा दिनविशेष लिहिताना पुढील पथ्ये पाळा.

एक, सनाशिवाय नोंद लिहू नका. ‘आज अमुक यांचा जन्म’ या ओळीत सन नसेल, तर ती तपासता येत नाही.

दोन, एकाच संदेशावर विसंबू नका. मोबाईलवरचे शंभर संदेश ही एकाच संदेशाची शंभर रूपे असू शकतात. चरित्र, कोश किंवा शासकीय नोंद यांपैकी किमान एक आधार पाहा.

तीन, मतभेद असेल तर तो लिहा. भगतसिंग यांची जन्मतारीख काही ठिकाणी २७ सप्टेंबर, तर काही ठिकाणी २८ सप्टेंबर १९०७ अशी दिली जाते. लता मंगेशकर यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी झाला, याविषयी मात्र वाद नाही. दोन्ही नोंदी एकाच फळ्यावर सारख्याच ठामपणे लिहिणे योग्य नव्हे.

चार, जुन्या वहीतून उतरवताना प्रत्येक शब्द आजही खरा आहे ना, हे पाहा. माझी चूक ती हीच होती.

या चौथ्या पथ्याचे अलीकडचे उदाहरण आपल्या परिसरातील आहे. सडक अर्जुनीजवळच्या नवेगावबांधच्या जंगलात वन अधिकारी म्हणून राहिलेले लेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ चा, तर पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर १८९६ चा. या दोन तारखांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह राज्य शासनाने २०२० मध्ये जाहीर केला. तेव्हा या सप्ताहाच्या एका टोकाला वाढदिवस होता आणि दुसऱ्या टोकाला जयंती. १८ जून २०२५ रोजी चितमपल्ली यांचे निधन झाले. त्यामुळे आता दोन्ही टोकांना ‘जयंती’ हाच शब्द लिहावा लागेल. मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवणाऱ्या एखाद्या मुलाच्या हातून तिथे ‘वाढदिवस’ राहून जाईल. त्याला रागावू नका. तो शब्द पुसा आणि खडू त्याच्या हातात द्या.

६.९ सारांश

दिनविशेष ही तारखेच्या धाग्याने बांधलेली छोटी संहिता आहे. तिच्यात शासकीय दिन, ऐतिहासिक घटना, कलावंतांचे जन्म आणि विनोद एकत्र येतात. क्रियापदरहित वाक्ये, ‘यांचा’ हे आदरार्थी सर्वनाम आणि सनांचा क्रम ही तिची वैशिष्ट्ये होत. वाढदिवस, जयंती आणि जन्म या शब्दांची पूर्वगृहीते वेगवेगळी आहेत. तिथी आणि तारीख या दोन्ही कालगणना मराठी समाजात एकत्र नांदतात. क्रियापदाची आणि कर्त्याची निवड घटनेकडे पाहण्याची दृष्टी ठरवते. ज्यांच्या तारखा नोंदल्या गेल्या त्यांनाच दिनविशेषात स्थान मिळते. म्हणून नोंद करणे आणि ती पडताळणे ही भाषेच्या अभ्यासकाची जबाबदारी आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे
प्रश्न १ : (१) तारीख. (२) ‘यांचा’ या आदरार्थी सर्वनामाला.
प्रश्न २ : (१) कर्ता. (२) ‘सडक’.

सरावासाठी स्वाध्याय
१. ‘पूर्वगृहीत’ ही संकल्पना ‘वाढदिवस’ आणि ‘हमी’ या शब्दांच्या आधारे स्पष्ट करा.
२. मृत्यूच्या दिवसासाठी मराठीत वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही चार शब्दांमधील अर्थभेद लिहा.
३. वर्तमानपत्रातील एका दिवसाचा दिनविशेष घेऊन त्यातील प्रत्येक नोंदीत कर्ता उघड आहे की लपलेला, ते तपासा.

क्षेत्रीय कार्य
आपल्या घरातील किंवा शेजारच्या एका वृद्ध व्यक्तीला तिच्या जन्माविषयी विचारा. तिचे वाक्य तिच्याच बोलीत, जसेच्या तसे लिहून घ्या. सण, हंगाम किंवा घटना यांचा उल्लेख असल्यास जुन्या पंचांगाच्या साहाय्याने तारीख काढण्याचा प्रयत्न करा. तारीख मिळाली, तर प्रथम त्या व्यक्तीला सांगा आणि मगच आपल्या वहीत लिहा.